रेघ दिसते, पण जोड आहे का?

मागचे तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण तिन्ही वीकेंड एका दोन इंच बाय तीन इंचाच्या पीसीबीनं खाल्ले. आज त्याची गोष्ट सांगतो आणि त्या निमित्तानं थोडा इतिहास. घाबरू नका, लढाया आणि तह नाहीत यात. सर्किटच्या कागदावर आपण दोन वस्तूंच्या मध्ये एक रेघ ओढतो ना, त्या रेघेचा इतिहास.

तर झालं असं. गावी आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. मोटर चालू करून आई स्वयंपाकात अडकली की टाकी भरून वाहते आणि ते पाणी जिन्यातून थेट शेजारच्या काकूंच्या दारात. काकू काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ते जास्त वाईट असतं. मोटर बंद करणारे तयार कंट्रोलर बाजारात मिळतात, पण घरात इंजिनिअर झालेला मुलगा असताना ते विकत आणायचे म्हणजे... असो. म्हटलं आपणच करू. एक ५५५ आयसी, टाकीत सोडलेल्या तीन तारा, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक रिले. कॉलेजात सेकंड इयरची पोरं करतात असलं सर्किट.

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. कीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सर्किट डायग्राम काढला, त्यावरून पीसीबी मांडला, लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छाप घेतली, इस्त्रीनं ती तांब्याच्या बोर्डावर उतरवली आणि बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये बुडवला. (तो प्लॅस्टिकचा टब आता कायमचा माझा, असं रूममेटनं बजावलंय.) भोकं पाडली, सोल्डरिंग केलं आणि शनिवारी गावी जाऊन मोठ्या ऐटीत आईसमोर स्विच दाबला.

रिले ढिम्म!

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९८२ च्या एशियाडनंतर देशात टीव्हीची लाट आली, त्या लाटेतले ते मेकॅनिक. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण टीव्हीसोबत यायचे ते घडीचे मोठाले सर्किट डायग्राम अजून एका ट्रंकेत जपून ठेवलेत. त्यांनी चष्मा लावला, मल्टिमीटर काढला आणि पाच मिनिटांत निदान केलं. "५५५ च्या तीन नंबर पायावर व्होल्टेज येतंय. ट्रान्झिस्टरच्या बेसवर काहीच नाही. मधे ट्रॅकच नाहीये तुझा."

बोर्ड उलटा करून बघितलं. खरंच, रेझिस्टरपासून बेसपर्यंत तांबंच नाही. गंजून गेलंय असंही नाही, मुळात छापलंच नव्हतं. मग बाबांनी माझा सर्किट डायग्रामचा प्रिंटआउट मागितला. बोटानं रेघेवरून रेघेवर फिरत पूर्ण कागद तपासला आणि म्हणाले, "कागद तर बरोबर आहे. इथे रेघ आहे की."

कागदावर रेघ आहे, बोर्डावर ट्रॅक नाही. आणि सॉफ्टवेअर म्हणतंय की सगळं जोडून झालं, एकही जोड बाकी नाही. तिघांपैकी खोटं कोण बोलतंय?

उत्तर सांगतो, पण जरा लांबून येऊ.

बाबांच्या ट्रंकेतला सगळ्यात जुना कागद एका व्हॉल्व्ह रेडिओचा आहे, त्यांच्या उस्तादांकडून आलेला. त्यात दोन तारा एकमेकींना ओलांडतात पण जोडलेल्या नसतात, तिथे एका रेघेला छोटी कमान काढलेली असते. जणू एक तार दुसरीवरून उडी मारून जातेय. आणि कमान नसेल, नुसती फुली असेल, तर त्या तारा जोडलेल्या. नंतरच्या टीव्हीच्या कागदांवर बरोबर उलटं. जोड असेल तिथे ठसठशीत काळा ठिपका. नुसती फुली म्हणजे दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणजे बघा, चित्र तेच, फुली तीच, पण एका पिढीत तिचा अर्थ 'जोड आहे' आणि पुढच्या पिढीत 'जोड नाही'. मेकॅनिकला आधी हा कागद कुठल्या पद्धतीचा आहे ते ओळखावं लागायचं.

ठिपक्याची पद्धत सोपी, कारण प्रत्येक ओलांडणीला कमान काढत बसायला नको. पण तिचा एक धोका होता. हे डायग्राम ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचे आणि त्यांच्या अमोनिया प्रिंट निघायच्या (घराच्या प्लॅनच्या निळसर प्रिंट बघितल्या असतील, तशाच). कॉपीची कॉपी करताना बारीक ठिपका उडून जायचा, किंवा कुठेतरी शाईचा डाग पडून नको तिथे ठिपका तयार व्हायचा. म्हणून ड्राफ्ट्समन लोकांनी एक शिस्त पाळली. चार रेघा एका ठिपक्यावर आणायच्याच नाहीत. एक रेघ थोडी सरकवून दोन वेगवेगळे तीन-तोंडी जोड करायचे. मग ठिपका उडाला तरी चालतं, कारण एक रेघ दुसरीवर येऊन थांबली आहे म्हणजे ती जोडलेलीच असणार. बाबा हेच त्यांच्या भाषेत सांगतात, "चौक टाळायचा, तिठा ठेवायचा." मला कॉलेजात हे कोणी सांगितलं नव्हतं. आजही स्केमॅटिक काढणाऱ्या चांगल्या लोकांचा हाच नियम आहे.

बरं, पण मुळात त्या रेघेचा अर्थ काय? रेघ लांब आहे, वाकडी आहे, डावीकडून जाते की उजवीकडून, यानं काय फरक पडतो? काहीच नाही. आणि हे काहीच नाही असं ठामपणे सांगणारी दोन मोठी कामं योगायोगानं एकाच शहराशी जोडलेली आहेत. क्योनिग्सबर्ग, म्हणजे आताचं रशियातलं कालिनिनग्राद. तिथल्या नदीवर सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असं कोडं होतं. १७३६ मध्ये ऑयलरनं ते सोडवलं (नाही येत!), आणि सोडवताना शहराचा नकाशा जवळजवळ फेकूनच दिला. पुलांची लांबी, रस्त्यांची वळणं, सगळं बाजूला. कुठला भूभाग कुठल्या भूभागाशी किती पुलांनी जोडलाय, एवढंच ठेवलं. याच शहरात १८२४ मध्ये गुस्ताव किरखॉफ जन्मला आणि १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यानं सर्किटचे दोन नियम मांडले. आपण सगळ्यांनी ते परीक्षेसाठी पाठ केलेत. एका जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो. यातही तारेचा आकार कुठेच नाही. आहे तो फक्त जोड, म्हणजे नोड.

म्हणजे सर्किट डायग्राम हे चित्र असलं तरी त्यातला खरा माल चित्र नाहीच. खरा माल आहे यादी. कोण कोणाशी जोडलंय त्याची यादी. चित्र माणसासाठी असतं. आपल्याला यादी वाचून सर्किट 'दिसत' नाही, चित्र बघून दिसतं.

जोवर माणूस कागद बघून हातानं तारा सोल्डर करत होता तोवर हा फरक कोणाच्या फारसा लक्षात यायचं कारण नव्हतं. एका माणसाच्या डोक्यात चित्राची यादी व्हायची आणि त्याच माणसाच्या हातातून तारा जोडल्या जायच्या. भानगड सुरू झाली पीसीबी आल्यावर.

पीसीबीचं श्रेय बऱ्याचदा पॉल आयस्लरला देतात. १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू इंजिनिअर. ऑस्ट्रियातलं वातावरण बिघडत चाललेलं, धड नोकरी नाही, छपाईच्या धंद्याशी मात्र ओळख झालेली. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या भाड्याच्या खोलीत त्यानं एक रेडिओ बनवला, ज्यातल्या तारांच्या जागी छापलेलं तांबं होतं. छापखान्यात अक्षरं छापतात तसं सर्किट छापायचं! ज्या कंपनीला तो दाखवला त्यांनी नाही म्हटलं. हातानं तारा जोडणाऱ्या बायका स्वस्त पडतात, असं कारण दिल्याचं सांगतात. १९४३ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये अमेरिकेनं छापील सर्किटं वापरली, १९४८ मध्ये ते तंत्र बाजारासाठी मोकळं झालं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरातल्या रेडिओपर्यंत पोचलं. (मी रूममेटच्या टबात करतो ते आयस्लरच्याच घराण्यातलं काम आहे, असं त्याला सांगून बघितलं. पटलं नाही.)

आता भानगड काय झाली बघा. पीसीबी छापायचा म्हणजे तांब्याचं चित्र हवं. म्हणजे एका सर्किटची दोन चित्रं झाली. एक स्केमॅटिक, समजून घ्यायला सोपं. दुसरं तांब्याच्या ट्रॅकचं, ज्यात रेघा एकमेकींना ओलांडूच शकत नाहीत, कारण ओलांडल्या की शॉर्ट! दोन्ही चित्रं दिसायला एकदम वेगळी, पण जोडांची यादी तंतोतंत एकच हवी. ती एकच आहे हे कोण बघणार?

माणूसच. ट्रॅकचं चित्र पारदर्शक फिल्मवर दुप्पट किंवा चौपट आकारात, काळी चिकटपट्टी आणि गोल स्टिकर लावून बनवायचे. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर वाकून तासन् तास. मग कॅमेऱ्यानं फोटो काढून खऱ्या मापात छोटं करायचं. आणि तपासणी? स्केमॅटिकची एक प्रत आणि रंगीत पेन्सिल. एक जोड बघायचा, फिल्मवर सापडला की कागदावरची ती रेघ रंगवायची. सगळा कागद रंगला की झालं. एखादी रेघ रंगवायची राहिली, तर ती राहिलीय हे कळणार बोर्ड बनून आल्यावर.

या सगळ्यात यादी वेगळी काढायची कल्पना तारांच्याच दुनियेतून आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये वायर-रॅपचं तंत्र निघालं. चौकोनी खिळ्यासारख्या पिनेभोवती तार घट्ट गुंडाळायची, सोल्डर नको. मग गार्डनर-डेन्व्हर कंपनीची यंत्रं आली जी हे काम आपोआप करायची. १९६५ च्या पीडीपी-८ कॉम्प्युटरचं मागचं वायरिंग अशाच यंत्रांवर झालं. या यंत्राला चित्र दाखवून उपयोग नव्हता. त्याला सांगावं लागायचं, या पिनेपासून त्या पिनेपर्यंत. पुढची तार. परत या पिनेपासून त्या पिनेपर्यंत. पंच कार्डांवर यादी. इथे पहिल्यांदा यादी हीच खरी झाली आणि चित्र मागे पडलं.

१९६१ मध्ये बेल लॅब्जच्या सी. वाय. ली यांनी दोन टोकांमधला रस्ता कॉम्प्युटरनं कसा शोधावा याची पद्धत छापली. बोर्डाचे बारीक चौकोन पाडायचे आणि सुरुवातीच्या चौकोनातून पाणी सोडल्यासारखं एकेक घर पसरत जायचं. अडथळा आला तर वळसा. पाणी दुसऱ्या टोकाला पोचलं की उलटं मोजत यायचं, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. आपोआप ट्रॅक टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा पणजोबा. पण कुठल्या दोन टोकांमध्ये रस्ता शोधायचा? ते सांगायला यादी हवीच.

१९७३ मध्ये अमेरिकेत बर्कलीला लॅरी नेगल या विद्यार्थ्यानं प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली स्पाइस हा प्रोग्रॅम आणला. सर्किट न बनवता कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. त्याला सर्किट द्यायचं ते असं:

आर१ १ २ १०के
सी१ २ ० १००एन

म्हणजे आर१ हा रेझिस्टर नोड १ आणि नोड २ च्या मधे, १० किलोओहम. सी१ हा कपॅसिटर नोड २ आणि नोड ० च्या मधे. शून्य म्हणजे ग्राउंड. संपलं. रेघ नाही, ठिपका नाही, कमान नाही. दोन्ही ओळींत २ हा आकडा आला म्हणून ते दोघे जोडलेले. किरखॉफचा नोड आता पंच कार्डावरचा एक नंबर झाला. या यादीला नेटलिस्ट म्हणतात. एकमेकांना जोडलेल्या सगळ्या पायांचा मिळून एक नेट, आणि सगळ्या नेटांची यादी म्हणजे नेटलिस्ट.

मग आला पर्सनल कॉम्प्युटर. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ऑरकॅड निघाली, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये प्रोटेल, १९८८ मध्ये जर्मनीत ईगल. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या झाँ-पिएर शारास यांनी कीकॅड लिहायला घेतलं. घरी बोर्ड बनवणाऱ्यांच्या दोन पिढ्या ईगलवर वाढल्या, कारण त्याची फुकट आवृत्ती मिळायची. बोर्ड १०० बाय ८० मिलिमीटरपेक्षा मोठा नको, अशी एक अट. २०१६ मध्ये ईगल ऑटोडेस्कनं विकत घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही. कीकॅड मात्र खुलं होतं. २०१३ मध्ये सर्न, म्हणजे तीच जिनिव्हाची अणुसंशोधन संस्था, त्याच्या विकासात उतरली आणि शिकाऊ लोकांचं ते सॉफ्टवेअर बघता बघता दणकट झालं.

या सगळ्या सॉफ्टवेअरनी चित्र आणि यादी यांची गाठ मारून टाकली. तुम्ही रेघा ओढा, यादी मी मागच्या मागे बनवतो. आणि बोर्डावरचं तांबं त्या यादीशी जुळतं का, तेही मीच बघतो. रंगीत पेन्सिल रिटायर! हे खरोखर भारी काम आहे, यात वाद नाही. पण एक गोष्ट झाली. यादी नजरेआड गेली आणि आपण चित्रालाच यादी समजायला लागलो. त्यातून फसायच्या नव्या नव्या जागा तयार झाल्या. मी जवळपास सगळ्यात फसून झालोय, त्यामुळे अधिकारानं सांगू शकतो :-)

पहिली जागा, रेघेची जात. प्रत्येक रेघ जोड नसते. सॉफ्टवेअरमध्ये एक रेघ विजेची असते आणि एक नुसती शोभेची, चौकटी वगैरे काढायला. दिसायला सख्ख्या बहिणी. त्यात गंमत म्हणजे कीकॅडमध्ये खऱ्या जोडाला 'वायर' म्हणतात, आणि ईगलमध्ये जोडासाठी 'नेट' हे बटण वापरायचं, 'वायर' हे साध्या रेघेचं बटण. एकातून दुसऱ्यात गेलेला माणूस हमखास गंडतो.

दुसरी जागा, नाव. दोन तारांना एकच नाव दिलं की त्या जोडल्या गेल्या, मधे रेघ असो वा नसो. यात सोय मोठी आहे, कागदभर रेघांचं जाळं होत नाही. पण प्रोग्रॅमर मंडळींना लगेच कळेल की हे ग्लोबल व्हेरिएबल आहे. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं की जोड गेला, आणि चुकून दोन ठिकाणी तेच नाव पडलं की नको ते जोडलं गेलं. ग्राउंडचं चिन्ह हे खरं तर असंच एक नाव. कागदावर वीस ठिकाणी ती तीन आडव्या रेघांची खूण असते आणि त्या वीसही एकच असतात, कारण सगळ्यांच्या पोटात एकच नाव लिहिलेलं असतं.

तिसरी जागा, न दिसणारे पाय. जुन्या लायब्ररीत ७४०० सारख्या डिजिटल आयसीच्या चिन्हाला पॉवरचे पाय दाखवतच नसत. ते आतल्या आत व्हीसीसी नावाच्या नेटला जोडले जायचे. तुम्ही तुमच्या सप्लायचं नाव व्हीसीसीऐवजी +५व्ही ठेवलंत की संपलं. कागद सुंदर, बोर्ड सुंदर, आयसीला वीजच नाही! कॉलेजच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपनं यावर दोन रात्री घालवल्या. शेवटी चार आयसींना पाठीमागून तारा सोल्डर केल्या आणि तसाच प्रोजेक्ट सबमिट केला.

चौथी जागा, ग्रिड. आणि इथेच मी या वेळी गचकलो.

कीकॅडमध्ये स्केमॅटिकचं ग्रिड ५० मिलचं असतं, म्हणजे १.२७ मिलिमीटर. सगळ्या चिन्हांचे पाय या ठिपक्यांवर बसतात, तारांची टोकं पण याच ठिपक्यांवर. त्यामुळे टोकाला टोक अचूक मिळतं. मी अक्षरं नीट दिसावीत म्हणून ग्रिड बारीक केलं, १० मिलचं, आणि परत मोठं करायला विसरलो. मग ट्रान्झिस्टर जरासा सरकवला. पायाचं टोक आणि तारेचं टोक यांच्यात पाव मिलिमीटरची फट पडली. स्क्रीनवर पूर्ण कागद बघताना ती दिसणं शक्यच नाही, आणि प्रिंटवर तर रेघेची जाडी आणि टोनर यांत बुजूनच गेली. सॉफ्टवेअरच्या हिशोबात मात्र पाव मिलिमीटर काय आणि पाव किलोमीटर काय, टोक टोकाला लागत नाही म्हणजे जोड नाही. यादीत तो जोड आलाच नाही. यादीत नाही म्हणून बोर्डावर मागितला नाही. मागितलेलं सगळं मी जोडलं, म्हणून 'बाकी शून्य'.

म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं. कागदावर रेघ होती, यादीत जोड नव्हता, बोर्ड यादीशी प्रामाणिक होता.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. कीकॅडनं मला हे सांगितलं होतं. जोडलेला नसेल तर पायाच्या टोकावर छोटं वर्तुळ दिसतं आणि तारेच्या मोकळ्या टोकावर छोटा चौकोन. झूम केल्यावर दोन्ही तिथे व्यवस्थित होते (या खुणा प्रिंटवर येत नाहीत, त्यामुळे बाबांना दिसायचा प्रश्नच नव्हता). शिवाय ईआरसी नावाची तपासणी असते, ती मी चालवलीही होती. चौदा तक्रारी आल्या. बहुतेक 'पॉवरचा पाय कोणी चालवत नाही' या छापाच्या. सप्लाय बाहेरून कनेक्टरवर येतो हे सॉफ्टवेअरला कळत नाही, त्यासाठी एक पॉवर फ्लॅग लावावा लागतो. तो लावायचा आळस केला आणि म्हटलं, नेहमीचंच रडगाणं आहे, करा बंद. त्याच चौदांत एक तक्रार होती, 'पाय जोडलेला नाही'. ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांनी कंपायलरच्या वॉर्निंग तशाच ठेवल्या तर मी त्यांचा कोड परत पाठवतो. आणि स्वतः...

बाबांनी मात्र बोर्ड पाच मिनिटांत चालू केला. एनॅमल्ड तारेचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकं घासून, रेझिस्टरपासून बेसपर्यंत. स्विच दाबला. टक! रिलेचा तो आवाज, तीन वीकेंडनंतर.

मी लॅपटॉप उघडून डायग्राम दुरुस्त करायला घेतला. बाबा म्हणाले, "आता कशाला? चाललं ना?" म्हटलं, मूळ तसंच राहिलं तर पुढचा बोर्ड परत तसाच येईल. त्यांना झूम करून ती फट दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता कागद वाचून काही कळणार नाही?"

हा प्रश्न मला लागला. या माणसानं तीस वर्षं कागद वाचून टीव्ही दुरुस्त केले. कागदावर रेघ आहे म्हणजे तार आहे, यावर त्यांचं दुकान चाललं, आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली. आणि मी त्यांच्या हातात असा कागद दिला की ज्यावरच्या रेघेला काही अर्थच नव्हता. वर त्यांनाच सांगणार की, बाबा, आता असंच असतं. मी म्हटलं, "कळणार, पण कागदासोबत यादी पण बघायला लागणार." आणि त्यांना नेटलिस्ट छापून दिली. अकरा नेट होते. एकेका ओळीत नेटचं नाव आणि त्याला जोडलेले पाय.

त्यांनी ती यादी घेतली, लाल पेन्सिल काढली, एका हातात मल्टिमीटर. एक नेट, सगळे पाय, बीप, टिक. पुढचा नेट. मी समोर बसून बोर्ड फिरवत होतो. काचेच्या टेबलावर वाकून माणसं हेच करायची. फरक एवढाच की ती चित्र चित्राशी जुळवायची, बाबा यादी बोर्डाशी जुळवत होते. अर्ध्या तासात अकरा टिका झाल्या. तो कागदही आता ट्रंकेत गेलाय, टीव्हीच्या डायग्रामांच्या वर.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. ग्रिडला हात लावत नाही. चिन्ह सरकवायचं असेल तर नुसतं उचलत नाही, ओढतो. कीकॅडमध्ये उचलायला एम आणि ओढायला जी. ओढलं की जोडलेल्या तारा सोबत येतात, जी आली नाही ती जोडलेलीच नव्हती. यापेक्षा सोपी परीक्षा नाही. आणि ईआरसीची यादी शून्य झाल्याशिवाय छाप काढत नाही. पॉवर फ्लॅग लावायचा कंटाळा आला तरी.

टाकी आता वेळेवर थांबते. जिना कोरडा आहे. काकूंनी परवा आईला विचारलं म्हणे, आमच्याकडे पण एक बसवून देईल का तुमचा मुलगा? बाबांनी परस्पर हो सांगून टाकलंय. आणि मला फोनवर एवढंच म्हणाले, "येताना यादी घेऊन ये."